गौरीचं गंगावन

लग्न झाल्यावर सुनेच्या हाती कपाटाच्या किल्ल्या येतात, असं मी ऐकून होते. माझ्या हाती आला तो गुंतवळीचा डबा.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी पोलादपूरची, वैशाखात लग्न होऊन महाडला आले. पोलादपूर ते महाड म्हणजे एसटीत बसून तिकीट काढेपर्यंत अर्धी वाट सरते, पण निघताना मी काशीला चालल्यासारखी रडले होते. सासरी बाजारपेठेत कापडाचं दुकान आणि मागे घर. घरात सासूबाई, सासरे, नवरा आणि मी. नवऱ्याचं या गोष्टीत काही काम नाही. तो तेव्हा दुकानात कापडाचे गठ्ठे सोडत होता, आणि आजही त्याला यातलं निम्मंच माहीत आहे.

लग्नाला महिनाही झाला नसेल. एका दुपारी दोघेही पुरुष दुकानात आहेत असं बघून सासूबाईंनी मला माजघरात बोलावलं, दाराला कडी घातली आणि तांदळाच्या पिंपामागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं, आता पिढीजात पाटल्या निघणार. मी पदर सावरून, चेहरा निर्लोभी करून बसले. झाकण उघडलं तर आत केस! विंचरताना कंगव्यात येते ना, ती गुंतवळ. बोटाभोवती गुंडाळून केलेली वेटोळी, चकल्यांसारखी एकावर एक रचलेली.

"घाबरू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "माझेच आहेत."

मग त्यांनी डोक्यावरचा पदर मागे घेतला, आणि त्या घरातल्या घरातही पदर का घेतात ते मला कळलं. मी त्यांना जुन्या वळणाच्या समजून चाललेले, आणि त्यांचं बघून मीही पदर घेऊन भर वैशाखात घामाने निथळत होते. मुंबई-गोवा रस्ता तेव्हा अजून रुंद व्हायचा होता, पण सासूबाईंचा भांग झाला होता. मागे अंबाडा म्हणून जे होतं, ते सुपारीएवढं.

आणि या बाईंचे केस म्हणजे एके काळी महाडातली दंतकथा! तीही घरचीच. सासऱ्यांची थोरली बहीण दासगावात दिलेली. लग्न ठरत होतं तेव्हा तिने नाक मुरडलं होतं, "मुलगी सावळी आहे." त्यावर सासरे म्हणाले होते, "केस बघितलेस का तिचे?" संपला वाद. हे वाक्य पुढे प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीत, पंगतीत मीठ वाढावं तसं वाढलं गेलं. मलाही लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी वाढलं होतं.

"माझं या घरात येणं केसांवर झालंय गं," सासूबाई डब्याकडे बघत म्हणाल्या. "आता यांना कळलं, की ते..."

उरलेलं वाक्य त्यांनी डब्यात ठेवून झाकण लावलं.

उपाय करायचे बाकी नव्हते. माका झाला, जास्वंद झाली, वडाच्या पारंब्या तेलात उकळून झाल्या. त्या तेलाच्या वासाला मांजर घर सोडून गेलं होतं म्हणे. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी रक्त वाढलं, उत्साह वाढला, केस तेवढे राहिले. मग माझी नेमणूक झाली हेर म्हणून. बाजारात एका जिन्यावर नुकतंच ब्यूटी पार्लर उघडलं होतं, तिथे 'एका मैत्रिणीसाठी' चौकशी करायला मी गेले. तिथल्या मुलीने एक नायलॉनचा स्विच, म्हणजे वेणीला जोडायचं तयार गंगावन, दाखवला. काळा कुळकुळीत आणि असा चमकणारा, की अंधारात रस्ता दिसावा. पुढे दोन हजार साल उलटल्यावर तिथेच चिमट्यांनी अडकवायचे केस आले, हव्या त्या रंगाचे. आज माझ्या भाच्या ते लग्नाला भाड्याच्या दागिन्यांसारखे बिनदिक्कत मिरवतात. पण तेव्हा होतं ते हे एवढंच.

"नायलॉन?" सासूबाई दचकल्या. "अगं, हे हात न लावता नायलॉन ओळखतात!"

खरंच होतं. सासरे दुकानाच्या पायरीवर बसून रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या साडीत सूत किती आणि भेसळ किती ते सांगत. अशा माणसासमोर चालेल ते एकच, खरे केस आणि तेही सासूबाईंचेच. म्हणून तो डबा. आणि म्हणून मी, कारण गुंतवळीची गंगावनं करणारी बाई पोलादपूरच्या बाजाराला येई. वरच्या एका वाडीवरची. माझ्या आईच्या ओळखीची.

आषाढात माहेरी गेले तेव्हा डबा पापडांच्या पिशवीत लपवून नेला. त्या बाईने झाकण उघडलं आणि खो खो हसली.

"कोनाचे गो हे?"

"एका ओळखीच्या बाईंचे."

"ओळखीच्या व्हय? लय जपलेन. वरसाची बेगमी केल्यावानी." तिने एक वेटोळं उलगडून बोटांवर ओढलं. "केस चांगले हायत. करून देते. पन त्या बाईला सांग, जिवाला लावून घेऊ नको. केस नाय तर नाय, डोकी तर हाय ना जाग्यावर?"

हा निरोप मी सासूबाईंना दिला नाही. गंगावन तेवढं दिलं. हातभर लांब, मऊ, तीन पेडांचं, टोकाला गोंडा. त्यांनी ते आरशासमोर अंबाड्याखाली अडकवलं, वेणी पुढे घेतली आणि क्षणभर माझ्या सासूबाईंच्या जागी एक खट्याळ मुलगी उभी होती. त्या दिवशी त्या डोक्यावर पदर न घेता वाढायला आल्या. सासऱ्यांनी मान वर करून बघितलं. "आज काय विशेष?" एवढंच म्हणाले. "कुठे काय?" म्हणत सासूबाईंनी त्यांना कढी दोनदा वाढली.

श्रावण असा सुखात गेला, आणि भाद्रपदात गौरी आल्या.

आमच्याकडे तेरड्याची गौर असते. तेरड्याच्या जुडीला मुखवटा लावायचा आणि साडी नेसवायची. साडी नेसवण्याचा मान सासऱ्यांचा. या बाबतीत त्यांचा घरच्या बायकांवर भरवसा नव्हता. "तुम्ही साडी नेसता ती कामाला लागायला," ते म्हणत. "देवीला तीन दिवस नुसतं बसायचंय, तिच्या निऱ्या पडल्याच पाहिजेत." सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात, ते पुढच्या खोलीत तोंडात टाचण्या धरून. गौरीला केस म्हणून काळ्या लोकरीची वेणी असे. त्या वर्षी ट्रंकेतून काढली तर कसरीने ती कुरतडून ठेवलेली.

आता सासूबाईंनी आदल्या दिवशी गंगावन शिकेकाईने धुतलं होतं. भाद्रपदातल्या महाडात काही म्हणजे काही वाळत नाही, म्हणून मागच्या खोलीत, न्हाणीच्या चुलीच्या उबेला, दोरीवर टांगलं होतं. त्याच दोरीवर गौरीची धुतलेली वस्त्रं होती. सासरे वस्त्रं घ्यायला गेले.

"सूनबाई!" त्यांची आनंदाने हाक आली. मी धावले. त्यांच्या हातात गंगावन. "हे गौरीसाठी माहेरहून आणलंत ना? पहिल्या गौरीला? वा! अगदी अस्सल!"

मी काय बोलणार? "हो, पोलादपूरचंच आहे," म्हटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सासूबाई आरतीचं तबक घेऊन बाहेर आल्या, तेव्हा गौर नटून बसली होती. हिरवी साडी, नथ, आणि खांद्यावरून पुढे सोडलेली सासूबाईंची वेणी. त्यांनी ओवाळलं, हळदकुंकू लावलं, अक्षता जरा नेम धरून मारल्यासारख्या टाकल्या, आणि आत येऊन माझा दंड धरला.

"काढून आण."

"आई, आता देवीच्या डोक्यावरचं कसं काढू? ओवाळलंत ना तुम्ही!"

"मग माझ्या डोक्यावर काय?"

"पदर," मी म्हटलं. दुसरं होतं काय?

दुसऱ्या दिवशी दासगावच्या आत्याबाई माहेरवाशीण म्हणून हजर झाल्या. हातात अबोलीच्या वेण्या, डोक्यावर नारळाएवढा अंबाडा, आणि डोळे असे, की पोलिसांनी उधार न्यावेत. आल्या आल्या गौरीपुढे बसल्या. नमस्कार झाला. मग वेणी हातात घेतली. मग नाकाला लावली.

"वहिनी, गौरीच्या केसांना तुमच्या माक्याच्या तेलाचा वास येतोय गं."

"घरभर येतो, वन्सं. भिंतींनाही येतो."

"आणि तू आज घरात डोक्यावर पदर घेऊन?"

"पूजा आहे ना."

"पूजा सकाळी झाली. ये इकडे, अबोली माळते तुला."

संध्याकाळच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायका माना वळवून बघू लागल्या. अबोलीची वेणी माळायची तर तिला बसायला जागा हवी! आत्याबाई उठल्या. सासूबाई एक पाऊल मागे सरल्या, आणखी एक सरल्या, आणि पाठ भिंतीला लागली. दारात पानांचं तबक घेऊन सासरे उभे होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नाही. तेवढं ते एकदाच.

सासऱ्यांनी तबक माझ्या हातात दिलं, पुढे झाले आणि बहिणीच्या हातातली अबोली अलगद काढून गौरीच्या वेणीत खोवली.

"पहिला मान घरात बसलेल्या पाहुणीचा, अक्का," म्हणाले. "बाकीच्यांना ओटीतच दे. पाऊस किती आहे, केसात फुलं कुजतात."

फुलं कुजतात! बायका हसल्या, पानं फिरली, वेळ टळली. टळली म्हणजे एका रात्रीपुरती.

तिसऱ्या दिवशी सावित्रीवर तेरडा सोडून आम्ही घरी आलो. आता आमच्याकडची रीत अशी, की गौरीला नेसवलेली साडी प्रसाद म्हणून घरच्या लक्ष्मीने नेसायची. सासऱ्यांनी ती दुकानातल्यासारखी घडी केली, वर गंगावनाचं वेटोळं ठेवलं आणि दोन्ही सासूबाईंच्या पुढे धरलं.

"आणि केस?" आत्याबाईंना हेच हवं होतं. "देवीला घातलेले केस बाईने लावायचे?"

"साडी चालते, तर केसांनी काय पाप केलंय?"

"पण वहिनीला कशाला लागतात ते? हिचे केस बघून तर तू..." आणि आत्याबाई थांबल्या. डाव टाकून माणूस थांबतं तशा.

सासूबाईंचे हात साडीच्या घडीखाली तसेच राहिले.

"मी कुठे केस बघितले होते, अक्का?" सासरे म्हणाले. "बघायला गेलो तर ही कपाळापर्यंत पदर घेऊन बसलेली. केस दिसत नव्हते, म्हणूनच केस म्हटलं. दिसणाऱ्या कशाचंही नाव घेतलं असतं, तर तू त्यात खोट काढली असतीस."

इतक्या वर्षांच्या पंगतीतलं मीठ एका घासात अळणी झालं.

"मग काय बघून हो म्हणालात?" हे सासूबाईंनी विचारलं. अगदी हळू, पण सगळ्यांसमोर.

सासरे चक्क लाजले. "कापडवाल्याचा मुलगा म्हणून नवा कडक सदरा घालून गेलो होतो. बटणं एक घर चुकवून लावलेली. सगळे माझ्याशी गंभीरपणे भाताच्या पिकावर बोलत होते. ही पोहे द्यायला आली, बटणांकडे बघितलं आणि पदराआड एकटी हसली."

सासूबाईंनी तेव्हा काय केलं? साडी मांडीवर घेतली, डोक्यावरचा पदर मागे टाकला, आणि तो सुपारीएवढा अंबाडा भर दुपारच्या उजेडात उघडा ठेवून खालून गंगावन अडकवलं. आमच्या सगळ्यांसमोर. वेणी पुढे घेतली. मग पदराआड हसल्या. असं बघा, मी तिथे होते, आणि बटणांच्या वेळी नव्हते, पण मला दोन्ही दिसलं.

"सूनबाई," सासरे जाता जाता वळले, "पुढच्या खेपेला त्या बाईंना सांगा, थोडे पांढरे मिसळायला. यांचे कानाजवळ पिकलेत, गंगावन काळंभोर. उजेडात शेड जुळत नाही. आषाढापासून सांगीन म्हणतोय."

आषाढापासून! सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

आत्याबाई त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीने गेल्या. निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, "पोलादपूरची ती बाई, बोलते का फार?" मी म्हटलं, "बोलते, पण नावं विचारत नाही." त्यांनी आपला नारळाएवढा अंबाडा दोन्ही हातांनी दाबून बघितला आणि गाडीत चढल्या.

दिवाळीला मी माहेरी निघणार, त्याच्या आदल्या दिवशी दासगावहून कंडक्टरबरोबर एक पत्र्याचा डबा आला. निरोप असा, की आत लोणचं आहे, वाटेत उघडू नये.

मी नाही उघडला. हलवून तेवढा बघितला. लोणचं इतकं हलकं नसतं.