जळगाव जामोदचं अडीच तासांचं स्थलांतर

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, एका मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता जळगाव जामोद हे गाव बुलढाणा जिल्ह्यातून उचलून जळगाव जिल्ह्यात ठेवण्यात आले. सदर निर्णय मंत्रालयात झाला नव्हता. तो बुलढाण्यात, एका कन्सल्टंटच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर अस्मादिकांनी घेतला होता. पावणेतीन वाजता तो मागे घेण्यात आला.

मी इंगळे. पद ड्राफ्ट्समन, बाई असले तरी कागदोपत्री मॅनच. इंजिनियरच्या डोक्यात जी खोली असते ती मी कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंग बोर्डावर, काढते. त्या आठवड्यात त्रेचाळीस गावांच्या अंगणवाड्या होत्या. खोली सगळीकडे एकच. तेच दार, त्याच खिडक्या, पोरांच्या उंचीचं तेच हात धुवायचं बेसिन. बदलायचा तो फक्त टायटल ब्लॉक.

टायटल ब्लॉक म्हणजे ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट. नकाशाचा सातबाराच म्हणा. आमच्या चौकटीत सहा रकाने: गाव, तालुका, जिल्हा, काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. शेवटचे तीन ठरलेले. काढणार मी, तपासणार आमचे ज्युनियर इंजिनियर सोनुने, आणि मंजूर करणार ऑफिसचे मालक तायडे सर.

सगळ्या नकाशांचा सेट त्या मंगळवारी चारच्या आत जिल्ह्याच्या ऑफिसात द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी मंजुरीची मीटिंग.

"मॅडम, तुम्ही आन् सोनुने मिळून हातानं भरून टाका," तायडे सर म्हणाले.

"हातानं?" मी छातीवर हात ठेवून विचारलं. "सर, मी लिस्प लिहिलंय."

लिस्प म्हणजे कॅडच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. माझा प्रोग्रॅम एकेक प्रश्न विचारणार, गाव कोणतं, तालुका कोणता, आणि मी दिलेल्या यादीतून उत्तरं आपोआप उचलून रकान्यात टाकणार. मी तो महिनाभर जेवणाच्या सुटीत शिकत होते. डबा एका हाताने, लिस्प दुसऱ्या हाताने.

चाचणीसाठी मी मोताळा निवडलं. ते सरांचं गाव. माणसाने चाचणी घेताना थोडं राजकारण करावं. एंटर दाबलं आणि पापणी लवायच्या आत रकाने भरले: मोताळा, मोताळा, बुलढाणा, इंगळे, सोनुने, तायडे.

सर खुर्ची ओढून बसले. "पुन्हा करा बरं."

तीनदा मोताळा केलं. तिसऱ्यांदा सरांनी चहा सांगितला. मग मी त्रेचाळीस गावं एकदम सोडली आणि कॉम्प्युटरकडे पाठ फिरवून चहा प्यायले. मागे प्रिंटर खडखडत होता. असं ऐश्वर्य मी आयुष्यात भोगलं नव्हतं.

दाराजवळच्या बाकावर सकाळपासून कल्पनाताई बसल्या होत्या. पिंपळगाव राजाच्या अंगणवाडी सेविका. सकाळच्या बसने आल्या होत्या. मागच्या वर्षी त्यांच्या खोलीचा नकाशा दुसऱ्याच पिंपळगावच्या नावाने गेला होता. आमच्या जिल्ह्यात पिंपळगावांना तोटा नाही. प्रस्ताव परत आला आणि वर्ष गेलं. ते काम आमच्या ऑफिसचं नव्हतं, पण यंदा ताईंनी कोणावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं.

"पोट्टे लोकाच्या ओसरीत बसतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्या घरी पाहुणे आले का आमची सुटी. माह्या गावचा कागद दाखवा बरं."

मी गरम प्रिंट त्यांच्या हातात ठेवली, आणि कौतुकाची वाट पाहत उभी राहिले.

ताईंनी कागद लांब धरला. जवळ धरला. "मॅडम, इंग्रजी मले कमीच येते. पण आमचा तालुका 'राजा' कधीपासून झाला?"

मी कागद ओढला. गाव: पिंपळगाव. तालुका: राजा. जिल्हा: खामगाव. काढणारा: बुलढाणा. तपासणारा: इंगळे. मंजूर करणारा: सोनुने.

सोनुने माझ्या खांद्यावरून वाचत होते. "मॅडम, यात चूक काय आहे? हे तं केव्हाचंच व्हायला पाह्यजे होतं."

"आन् मी?" तायडे सर उठले. "मी कुठी गेलो?"

सर स्क्रीनच्या तळाशी होते. सहा रकाने भरल्यावर उरलेलं नाव प्रोग्रॅमने बाहेर फेकलं होतं, आणि कॅडला ती आज्ञा वाटली होती. तिथे लिहून आलं होतं: 'तायडे' ही कमांड माहीत नाही. मदतीसाठी एफवन दाबा.

"सर, दाबू का?" सोनुनेंनी विचारलं.

मी जळगाव जामोदची शीट काढली. तिथे गाव आणि तालुका दोन्ही एकाच नावाचे, म्हणजे गोंधळ दुप्पट. गाव: जळगाव. तालुका: जामोद. जिल्हा: जळगाव. काढणारा: जामोद. तपासणारा: बुलढाणा. आणि मंजूर करणारा: इंगळे. दोन पायऱ्या एका दमात चढून मी मालक झाले होते. मोताळ्याची शीट मात्र तशीच, नवरदेवासारखी नीटनेटकी.

"बंद करा ते लिस्प का फिस्प," सर म्हणाले. "हातानंच भरा."

दीड वाजला होता. सोनुनेंनी तोडगा काढला. "दोन शब्दांची नावं जोडून लिहू. पिंपळगावराजा. कोण पाहते?"

"नाई हो भाऊ!" कल्पनाताई बाकावरून उठल्याच. "मागच्या साली नावानंच घात केला. जसं हाय तसंच लिहा. मी पाहून राह्यली."

दोन शब्दांची नावं! मी स्क्रीनकडे बघत बसले. डावा अंगठा सवयीने स्पेसबारवर टकटक करत होता. मग मी अंगठ्याकडे बघितलं.

कॅडमध्ये स्पेसबार म्हणजेच एंटर. आम्ही ड्राफ्ट्समन लोक एंटर शोधायला जात नाही, अंगठ्याने स्पेस दाबतो. वीस वर्षं मी तेच करत आले, आणि प्रोग्रॅम लिहिताना तेच विसरले. 'पिंपळगाव' झालं, पुढे मोकळी जागा दिसली, कॅडने समजून घेतलं की उत्तर संपलं. 'राजा' पुढच्या प्रश्नाला उत्तर म्हणून गेला आणि मागची सगळी रांग एकेक घर सरकली.

उपाय एका अक्षराचा. प्रोग्रॅममध्ये प्रश्नापुढे इंग्रजी 'टी' लिहिला की स्पेस ही स्पेसच राहते. मी सहा 'टी' टाकले. या वेळी चाचणी जळगाव जामोदवर घेतली. गाव जळगाव जामोद, तालुका जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा. सोनुने आपल्या जागी परतले. जरा खिन्न दिसले. सर मंजुरीच्या रकान्यात आले आणि त्यांनी दुसरा चहा सांगितला.

प्रिंटर पुन्हा चालू झाला. पावणेतीनला मी शेवटचा कागद तपासला. या खेपेला प्रत्येक शीट आधी कल्पनाताईंच्या हातातून गेली. त्यांनी बेचाळीस परकी गावंही सोडली नाहीत.

साडेतीनला आम्ही दोघी जिल्ह्याच्या ऑफिसात पोहोचलो. तिथल्या साहेबांनी सेट ओढला. प्रत्येक कागदाचा उजवा कोपरा तेवढा उलटायचा, रकान्यांवरून बोट फिरवायचं, यादीशी ताडायचं, शिक्का मारायचा. पिंपळगाव राजावर बोट थांबलं. गाव, तालुका, जिल्हा. शिक्का पडला.

धडा एवढाच: चाचणी वाकड्या नावावर घ्यावी. मोताळ्यावर कोणताही प्रोग्रॅम हुशार असतो.

शेवटचा शिक्का मारून साहेबांनी सेट बांधायला घेतला. त्रेचाळीस कोपरे बघून झाले होते. कल्पनाताई टेबलाला टेकून हे सगळं बघत होत्या. त्यांना राहवलं नाही.

"अहो साहेब, पोट्टे काय त्या कोपऱ्यात बसणार हायेत? खोली तं पाहा ना एकडाव!"