घोळीच्या खवल्यांची दिवाळी

मुरुडच्या कोळीवाड्यात माणसांची दिवाळी होवो न होवो, बाहुल्यांची दिवाळी नीराबाईच्या ओटीवर व्हायचीच. म्हातारी तोंडाने फटकळ, पण कचऱ्यातलं काही तिच्या हातून सुटायचं नाही. चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाचा नखाएवढा कंदील, काड्यापेटीचं देवघर, कांद्याच्या सालींच्या पताका, तुटक्या जाळ्याच्या गाठींचं तोरण. घोळ मासळी साफ केली की तिचे खवले राखेने घासायचे, उन्हात वाळवायचे आणि हळदी-कुंकवात रंगवायचे. त्यांच्या पणत्या व्हायच्या. पोरी आपापल्या बाहुल्या काखोटीला मारून बसायच्या आणि म्हातारी एकेकीला शिव्या घालत सजावट वाटायची.

एकतीस सालच्या नारळी पुनवेनंतर तिचा एकुलता हरेश्वर मचवा घेऊन गेला, तो आलाच नाही. आठवड्याने मचव्याचं सुकाणू तेवढं किनाऱ्याला लागलं. बरोबरच्या दोघा खलाशांच्या घरी दिवस घातले गेले. नीराबाई मात्र पंचांच्या तोंडावर म्हणाली, "मढं दाखवा, मंग रडते." मढं सापडलं नाही तर दर्भाचा बाहुला करून त्याला अग्नी देतात, असं भटजींनी सुचवलं, तर तिने त्यांनाच झापलं. "बाहुल्या मी करते. तुमी नका शिकवू."

सून कमळ बावीस वर्षांची. तिला हुकूम सुटला: कुंकू पुसायचं नाही, बांगड्या काढायच्या नाहीत आणि रडायचं तर मुळीच नाही. जित्या माणसासाठी कोण रडतं? रोज आधी हरेश्वरचं पान वाढायचं, त्याची वाट बघायची, मगच जेवायचं. दुपार कलल्यावर कमळ गार भाताचे चार घास खायची, कधी तेवढेही नाही. तिच्या गळ्याची हाडं वर आली. नीराबाईला ते दिसत नव्हतं असं नाही. पण दिसलं म्हणून कबूल केलं असतं, तर पोरगा मेला असता.

दिवाळी आली. या घरात यंदा सण कसला, असं वाडीभर झालं. म्हातारीने इरेला पेटून दुप्पट कंदील केले. पण पोरींना त्यांच्या आयांनी पाठवलंच नाही. ओटीवर एकटी नात, सहा वर्षांची ठमी. तिने चिंधीची बाहुली दारात बसवली आणि पुढ्यात एका खवल्यात दोन शितं ठेवली.

"भरव की तिला," नीराबाई म्हणाली.

"न्हाय. ती न्हाय जेवायची."

"का गो?"

"बाहुला अजून आला न्हाय. आदी जेवली तर आजी वरडंल."

नीराबाईच्या हातातला कागद तसाच राहिला. आत चुलीपाशी कमळ झाकलेल्या पानाकडे बघत बसली होती. म्हातारीला स्वतःची अशी शरम वाटली की तोंड कुठे लपवावं कळेना.

भाऊबीज झाल्यावर ती आपण होऊन भटजींकडे गेली आणि दर्भ घेऊन आली. दुसऱ्या कुणी केलेला वेडाबागडा पुतळा तिला चालणार नव्हता. तिने रुंद खांदे बांधले, डाव्या पायाला हरेश्वरच्या पायासारखा थोडा बाक दिला. हात सवयीने चालत राहिले, याचाच तिला राग आला.

इतक्यात ठमी धावत आली. "आये, बाहुला आला! आजी, दे ना. आता तिला जेवू दे."

नीराबाईने पुतळा छातीशी धरला.

"ठमे, हा खेळायचा न्हाय. हा तुजा बापूस. मेला गो तो. दर्यात मेला."

अडीच महिन्यांत तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. दारात कमळ उभी होती.

"रड गो बाये," नीराबाई म्हणाली. "आता रड."

कमळने असा हंबरडा फोडला की शेजारच्या बाया हातातली कामं टाकून धावत आल्या.