हनुवटीनं दाखवायचं हरीण

पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला कसा द्यावा, हे तेव्हाच्या सबंध मैसूर राज्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, ते म्हणजे आमचे मंठाळचे मामा. हे मत अर्थात मामांचंच. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जंगलातल्या एका सरकारी बंगल्यावर ते उभी हयात खानसामा होते. साहेबलोकांना जेवू घालायचं आणि पहाटे जनावरं दाखवायची. पेन्शन घेऊन आमच्या गावी येऊन राहिले, पण बंगला काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. पहाटे मनगटावर पंच्याची घडी घालून, ट्रेमध्ये चहा घेऊन आत्याच्या उशाशी उभे राहायचे. "निजू द्या की वं जरा," असं ती करवादली, तरी "पहले चाय," म्हणून हलायचे नाहीत.

अशा माणसानं गावातल्या पोरांसाठी वर्ग काढला, आणि मॅट्रिकला दोनदा आपटलेला मी त्यातला पहिला विद्यार्थी. कारण बंगल्यावर एका पोराची जागा निघाली होती आणि तिथले साहेब स्वतः येऊन परीक्षा घेणार होते. "ही नोकरी लागली तर लागली," अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला बजावलं होतं, "न्हाई तर बस जन्मभर शेतात माळ्यावर पाखरं हाकत." पाखरं हाकायचा मला मनस्वी कंटाळा होता. पण आठव्या वर्षापासून तेवढी एकच विद्या मला येत होती, हेही खरं.

वर्ग देवळाच्या ओसरीवर भरायचा. सरावाला साहेब म्हणून गावातले म्हातारे बसवले जात. आठ दिवसांत ते इतके साहेब झाले, की घरी सुनेनं कपबशी नुसती हातात दिली तर परत पाठवू लागले. पेला बुडाशी धरायचा, काठाला बोट लावायचं नाही. जनावराकडे बोट दाखवायचं नाही. बोटानं ते बुजतं, म्हणून हनुवटीनं दाखवायचं. मी घरीदारी हनुवटीचा इतका सराव केला, की माझी मान धरली असं समजून आईनं दोन रात्री गरम तेल चोळलं. आणि सगळ्यांत मोठा नियम, "जनावर दिसलं की श्वासबी आहिस्ता!"

साहेब आले. माझं पाणी झकास झालं. मामांनी डोळ्यांनीच शाबासकी दिली. मग आम्ही माळाकडे निघालो. साहेबांनी डोळ्यांना दुर्बीण लावली, मी हनुवटी उचलली, आणि समोर हरणांचा कळप! इथवर सगळं ठीक होतं. पण कळपानं वळून शेजारच्या हरभऱ्यात पाय टाकला, आणि माझ्या तोंडून अशी काही आरोळी निघाली, "हाऽऽ! हुर्रर्र! हाऽऽ!" वर टाळ्या. वर एक ढेकूळही भिरकावलं. कळप हुलसूरच्या वाटेला लागला असावा. साहेबांच्या डोळ्यांवर दुर्बीण तशीच होती.

"कामून ओरडलास रे?" मामांनी विचारलं.

"हरभऱ्यात शिरायलते की, मामा!"

"हरभरा तुझ्या अप्पाचा होता?"

"न्हाई."

जागा दुबलगुंडीहून वर्गाला येणाऱ्या एका पोराला मिळाली. तो तिथं कधी चार शब्दसुद्धा बोलला नव्हता. मामा मला रागावले नाहीत. घरी गेल्यावर मनगटावर पंचा टाकून, ट्रेमध्ये पेला ठेवून माझ्यापुढे आले आणि म्हणाले, "पाणी घ्या, साहेब." तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

पुढे आणखी दोनदा आपटून मॅट्रिक झालो आणि बिदरला कारकुनीला लागलो. मामांचे डोळे गेले, तेव्हा भेटायला गेलो होतो. सकाळी त्यांना हाताला धरून शेताकडे नेलं. हरभऱ्यात एकच काळवीट चरत होतं. हनुवटीचा आता काय उपयोग? त्यांचंच बोट धरून मी तिकडे वळवलं आणि कानाशी कुजबुजलो, "हरीण हाय, मामा."

"खायलाय का?"

"व्हय."

"शेत कुणाचं?"

"तुमचंच की."

"मग हाकल की, गाढवा!"

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. मामा बराच वेळ वाट पाहत राहिले. मग चाचपडत त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पास झालास बघ," ते अगदी हळू म्हणाले. "खाऊ दे त्याला. पाहुणा हाय."

त्याचं पोट भरेपर्यंत आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो.