पहिला मान चौलच्या धर्माला

कशी आहात मंडळी? ठाण्याच्या शैलाताई, गुडघ्याला तेल सांगितलं होतं, ते लावता की नुसतं कपाटात ठेवलंय? गुरुजी, खोकला हटला का? संदीप, तुझी बायको एव्हाना बाळंत झाली असेल, दुबईहून दोन ओळी लिहायला काय जातं रे? आणि ज्या ताईंच्या नावाच्या जागी मला नेहमी नुसतं फुलाचं चित्र दिसतं, त्यांची सर्दी कशी आहे? आमच्याकडे सगळे मजेत. माझी साखर मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका.

गुरुजींनी विचारलंय, पनवेलहून चौलला गाडीनं जायचंय, वाटेत कुठे थांबावं, काय खावं. आता गुरुजी, त्या रस्त्यानं मी पहिल्यांदा गेलो तो नारळीच्या बागा बघायला नव्हे, एक गोलकीपर बघायला. तेव्हा ते सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता यायचं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. एक्स्प्रेसवे अजून व्हायचा होता. कळंबोलीला लोखंड बाजाराच्या बाजूला मोकळं मैदान होतं. न्हावा शेव्याला ज्यांचे ट्रक चालायचे असे एक शेठ तिथे फुटबॉलचे सामने भरवायचे. आसपासची गावं कबड्डीची. पण शेठ केरळचे, त्यांना फुटबॉलशिवाय घास उतरत नसे. त्यांचा एक नियम होता. दरवर्षी प्रत्येक संघानं बाहेरगावचा एक खेळाडू घ्यायचा, आणि मागल्या वर्षी जो तळाला राहिला त्यानं पहिला निवडायचा. पनवेलची आमची आळी तळाला राहिली होती, त्यामुळे पहिला मान आमचा. तळाला राहिल्याचा एवढा अभिमान मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

कोणाला घ्यायचं ते सगळ्या आळीला पाठ होतं. उरणचा एक सेंटर फॉरवर्ड होता, तो नुसता पळायला लागला की समोरचे बाजूला व्हायचे. निवडीच्या संध्याकाळी आम्ही हार घेऊन, फटाक्यांची माळ घेऊन कळंबोलीला गेलो. निवड जाहीर करायची पद्धत अशी की ट्रकच्या वजनकाट्यावर उभं राहून नाव घ्यायचं. आमच्या संघाचा सगळा कारभार भास्करकडे. त्याचं आळीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल. भास्कर काट्यावर चढला, इकडे उत्साहाच्या भरात कोणीतरी माळ पेटवली, आणि भास्कर म्हणाला, "धर्मा. चौल."

कोण धर्मा? कोणालाच माहीत नाही. आम्ही हार हातात धरून उभे, आणि मागे आमचीच माळ तडतडतेय. दुसरा मान शेजारच्या ओवे गावाच्या संघाचा. त्यांनी उरणचा फॉरवर्ड उचलला आणि लगेच आम्हालाच पेढे आणून दिले.

भास्करला गाठलं तेव्हा त्यानं शांतपणे सांगितलं की हॉटेलसाठी नारळ आणायला तो चौलला गेला होता. तिथे हा धर्मा टेम्पोत उभा राहून नारळ झेलत होता. खालून दोघं जण फेकायचे, हा एकही सोडत नव्हता. नारळ झेलणाऱ्याला चेंडू म्हणजे काय? तो फुटबॉल कधी खेळलाय का, असं आम्ही विचारलं तर भास्कर म्हणाला, ते विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आळीनं भास्करकडचा चहा बंद केला. यात पुढे होता दगडू टेम्पोवाला. आवाज असा की त्याला हॉर्न लावायची गरज नसे. संघ भास्करच्या हातून काढून घ्यावा असं त्याचं म्हणणं. शेवटी ठरलं की जाऊन माणूस बघायचा. पसंत पडला तर ठीक, नाही पडला तर भास्करनं संघाचा कारभार सोडायचा आणि दगडूनं दुसरं नाव द्यायचं. भास्कर कबूल झाला. त्याची बायको सुलभावहिनी तेवढी म्हणाली, "बघायलाच जायचं तर रीतीनं जाऊ." परका माणूस घरात आणायचा म्हणजे आम्हाला रीत ठाऊक ती एकच. तेव्हा आम्ही इस्त्रीचे कपडे घातले, पनवेलच्या बाजारातून नारळ घेतला, वहिनींनी नऊवारी काढली, आणि आम्ही चौघं दगडूच्या टेम्पोतून स्थळ बघायला निघालो.

तर गुरुजी, रस्ता. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागायचं. कर्नाळ्याला उतरून पाय मोकळे करा, पण डबा उघडू नका, माकडं फार. पेणला पोह्याचे पापड घ्या, येताना नव्हे, जातानाच, येताना दुकान बंद मिळतं. वडखळला गाड्यांची रांग तेव्हाही होती. तिथे आम्ही वडापाव खाल्ला. भास्करनं सगळ्यांसाठी घेतला, दगडूनं आपला वेगळा घेतला आणि भास्करकडे पाठ करून खाल्ला. कार्लेखिंडीत टेम्पो तापला. दगडू म्हणाला, इंजिनाला पण तुझी निवड पटलेली नाही. अलिबाग सोडलं की मात्र रस्ता नारळी-पोफळीच्या सावलीतून जातो, आणि रागावलेला माणूससुद्धा काच खाली करतो.

धर्माचं घर सापडलं तेव्हा तो अंगणात टेम्पो भरत होता. पंचविशीचा, उंच, अबोल. खालून नारळ यायचा, हा तो अलगद झेलायचा आणि न बघता मागे वळून रचायचा. डावीकडून आला तरी, उजवीकडून आला तरी. झेलला, वळला, ठेवला. दगडूनं गुपचूप एक नारळ उचलला आणि भलत्याच बाजूनं भिरकावला. धर्मानं तोही झेलला, वळला, ठेवला.

दगडूचं तोंड उघडं ते उघडंच. मग माझ्या कानात म्हणाला, "नाना, हा आपल्याला पायजे."

तेवढ्यात धर्माची आई बाहेर आली. बुटकी, कडक, कमरेला कोयती. आम्ही आमचा नारळ पुढे केला. तिनं तो कानाशी धरून हलवला. "शिळा हाय," म्हणाली आणि ओटीवर ठेवला. मग आमची विचारपूस सुरू झाली. तुमी कनचे, जमीन हाय का, पानी गोड का खारं, पोर निजल कुठं, मासळी रोजची का आठवड्याची. आम्ही चौघं एका सतरंजीवर गुडघे दुमडून बसलो होतो आणि उत्तरं देत होतो. मुलीकडचे आपणच आहोत हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सगळं ऐकून ती म्हणाली, "नाय द्यायचा."

संघ सोडायची वेळ आली म्हणून भास्कर पांढरा पडला. पण गयावया करू लागला तो दगडू. जो माणूस नापसंत करायला आम्ही इतकं डिझेल जाळून आलो होतो, तो मिळत नाही म्हटल्यावर दगडूला त्याच्याशिवाय जगणं अवघड वाटू लागलं. मावशी, माझ्या घरी ठेवतो म्हणाला. रोज सुरमई म्हणाला. मावशी मान हलवीना. वहिनींनी हळूच विचारलं, अडचण कसली ते तरी सांगा.

मावशी म्हणाली, "फुटबालवाल्यांचं मी आयकून हाय. हरलं का आईवरनं शिव्या देतान. ती आई मीच ना?"

आम्ही चौघांनी खाली बघितलं. दगडूनं जास्त.

मग तिनंच तोड काढली. तो शिळा नारळ मधे ठेवला आणि दगडूकडे बोट केलं. "तुझा आवाज मोठा दिसतोय. याच्यावर हात ठेव. माझ्या पोराला, त्याच्या खेळाला, त्याला ज्यानं निवडला त्याला, तुमच्या आळीतलं कोन वाकडं बोलणार नाय. जिंकू दे, हरू दे."

दगडूनं दोन्ही हात ठेवले. मग तिनं आम्हाला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण वाढलं. गुरुजी, चौलला हॉटेलात जेवू नका, कोणाच्या तरी घरी ओळख काढा.

येताना धर्मा मागे, भास्करनं हॉटेलसाठी घेतलेल्या नारळांवर बसून आला. दगडूनं वडखळला थांबून सगळ्यांना चहा दिला, भास्करला पहिला.

पहिला सामना ओव्याविरुद्ध. मावशी एसटीनं आली आणि नेमकी दगडूशेजारी बसली. उरणचा फॉरवर्ड पळत सुटला, आमचे बाजूला झाले, त्यानं तोफेसारखा चेंडू मारला. धर्मानं तो हवेत उडी घेऊन असा झेलला की ओवेवालेसुद्धा वा म्हणाले.

मग तो वळला. आणि चेंडू मागे जाळीत नीट ठेवला.

शेठच्या हातातून छत्री पडली. सगळी आळी दगडूकडे बघू लागली. त्याच्या मानेची शीर वांग्याच्या रंगाची झाली होती. मावशी त्याच्याकडे शांतपणे बघत होती. शेवटी तो मोठ्यानं म्हणाला, "छान ठेवलास, बाळा."

मग आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं करता काय येत होतं? धर्मानं त्या मोसमात भलेभले फटके झेलले. त्यातले थोडे मैदानात राहिले, बाकीचे त्यानं जाळीत रचून ठेवले. प्रत्येक वेळी आळी उभी राहून टाळ्या वाजवायची. आम्ही पुन्हा तळाला गेलो. भास्करला काढायचा विषय कोणी काढलाच नाही, कारण तो काढायचा तर निवड वाईट होती असं म्हणावं लागलं असतं. त्याचं हॉटेल मात्र तुडुंब. धर्मा चहा तिथे प्यायचा आणि त्याच्याजवळ बसायला माणसं ताटकळायची.

तळाला राहिल्यामुळे पुढच्या वर्षी पहिला मान पुन्हा आमचा. भास्कर वजनकाट्यावर चढला. त्यानं तोंड उघडायच्या आत सगळी आळी ओरडली, "धर्मा. चौल." माळ या वेळी बरोबर वेळेवर पेटवली. ओवेवाल्यांनी पेढे आणले होतेच, ते आम्ही आनंदानं खाल्ले.

आता ते मैदान नाही, तिथे इमारती आहेत. भास्करचं हॉटेल त्याची सून चालवते. दगडूचा आवाज अजून आहे, पण त्या वर्षी जी सवय लागली ती गेली नाही. परवा त्याच्या नातवानं माझ्या देखत टीव्ही पाडला. दगडूची शीर तश्शी फुगली. मग त्यानं फुटलेल्या काचेकडे बघितलं आणि म्हणाला, "छान ठेवलास, बाळा." मी घरी आलो तो वाटभर हसत. एवढा रस्ता, एवढं डिझेल, आणि पदरात पडलं ते हे एक वाक्य. मला ते महाग वाटत नाही.

गुरुजी, चौलला पोचलात की धर्माच्या वाडीत नारळ घ्या, आणि घ्यायच्या आधी कानाशी धरून हलवा. खोकल्याचं कळवा. शैलाताई, तेलाचंही. संदीप, मुलगा की मुलगी ते आजच लिही, मी वाट बघतोय.