लगे हात उरकून टाकू

आमच्या घरात एखादी गोष्ट आधी ठरवून करणाऱ्या माणसाकडे सगळे काळजीने बघतात. त्याला बरं नसावं, असं त्यांना वाटतं. तो माणूस म्हणजे मी.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सातपूरला छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ मशिन, एक टेबल, एक कॅलेंडर. मशिनवर उभे असले की अप्पा केसाएवढा फरक चालवून घेत नाहीत, पण मशिन बंद केलं की त्यांच्या आयुष्यात माप नावाची चीज उरत नाही. एका रविवारी ते म्हणाले, "चला, त्र्यंबकला उभ्याउभ्या जाऊन येऊ." आई तशीच गाऊनवर ओढणी घेऊन गाडीत बसली. गॅस बंद केला का, यावरून अर्ध्या वाटेत भांडण झालं, म्हणून परत आलो. गॅस बंद होता. मग "आता निघालोच आहोत तर" म्हणून पुन्हा निघालो.

अप्पांचे हे शब्द मी लहानपणापासून सोसत आलेय, त्यामुळे मला ते चांगले कळतात. ‘सहज’ म्हणजे न कळवता ऐन जेवणाच्या वेळी कोणाच्या तरी दारात जाऊन उभं राहणं. ‘उभ्याउभ्या’ म्हणजे कमीत कमी तीन तास. ‘हातासरशी’ म्हणजे पंखा पुसायला स्टुलावर चढायचं आणि पंखाच खोलून ठेवायचा. बाकी सगळ्यावर एकच उत्तर, "बघू आयत्या वेळी." आमच्या खानदानात तयारी करून होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मोठ्या काकांचं उत्स्फूर्त मनोगत. प्रत्येक कार्यात ते माइक हातात घेऊन "मी काही ठरवून आलेलो नाही" अशी सुरुवात करतात. त्याआधी दोन दिवस बाथरूममधून तेच वाक्य ऐकू येत असतं.

आणि सगळ्यात धोक्याचा शब्द ‘लगे हात’. त्याने माझ्या ताईचं लग्न लावलं.

आमच्याकडे साखरपुड्यातच लग्न लावून टाकतात. म्हणजे तसं आधी काही ठरलेलं नसतं. अंगठ्या घालून होतात, आणि मग कोणीतरी वडीलधारा उठून म्हणतो की माणसं जमलीच आहेत, जेवण आहेच, भटजी आहेतच, तर लगे हात लग्न उरकून टाकू. सगळे माना डोलावतात, तासाभरात अक्षता पडतात, आणि याला आदर्श विवाह म्हणतात. खर्च वाचतो हे खरं आहे. मी त्याच्या विरुद्ध नाही.

पण ताईच्या साखरपुड्याच्या दिवशी माझा डिप्लोमाचा पेपर होता. मी काही मनाला लावून घेतलं नाही, कारण लग्न दोन महिन्यांनी होतं आणि त्यात मी करवली होणार होते. नवरीच्या मागे दिवा घेऊन उभं राहायचं म्हणून मी हिरवी साडी घेऊन, ब्लाउज शिवून, पिन लावून ठेवली होती. पेपर देऊन बसने लॉन्सवर पोचले तर मंडपवाला गालिचा गुंडाळत होता. "लग्न झालं की," तो म्हणाला. मला वाटलं, मी चुकीच्या लॉन्सवर आले. ताई सासरी गेली होती. मुलाकडच्यांनी सुचवलं, अप्पांनी मान हलवली आणि मी पेपरला गेलेय हे गडबडीत कोणाच्या लक्षातच आलं नाही, असं मला नंतर सांगण्यात आलं. मी आठ दिवस अप्पांशी बोलले नाही. त्यांनी मला सहज एक सायकल आणून दिली.

ताईने मात्र त्याच आठवड्यात फोनवर मला सांगून ठेवलं, "तुझ्या लग्नात मी करवली. कोणी काही म्हणो." पुढे ती नवऱ्याच्या नोकरीपायी मस्कतला गेली, तरी दर फोनला हेच.

मग गेल्या वर्षी माझा साखरपुडा ठरला. लग्न माघात. ताईला दोनदा यायला जमत नव्हतं, म्हणून तिने लग्नाचं तिकीट काढलं आणि साखरपुडा व्हिडिओ कॉलवर बघायचं ठरवलं. मी एका कंपनीत प्लॅनिंगला आहे, त्यामुळे साखरपुड्याची यादीच एक्केचाळीस मुद्द्यांची होती. चाळिसावा मुद्दा होता, ‘आईने फोन आडवा धरणे’.

अंगठ्या झाल्या. आईने फोन उभाच धरला होता. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे थोरले चुलते पहिल्या रांगेतून उठले आणि पागोटं सावरत म्हणाले, "पाव्हणं, माणसं हायेत, जेवण हाय, भटजी हायेत. मंग लगे हात लगीन उरकून टाकू की."

टाळ्या पडल्या.

कधी कशाची तयारी न करणारी माणसं अशा वेळी ज्या वेगाने तयार होतात, तो वेग मी कुठल्याही कंपनीत पाहिलेला नाही. गुरुजींना पाच चाळीसचा मुहूर्त सापडला. समोरच्या पूजेच्या दुकानातून मुंडावळ्या आल्या. आहेरातली शाल अंतरपाट म्हणून बाजूला काढली. आचाऱ्याकडून वाटीभर हळद आली, तिला थोडा जिऱ्याचा वास होता. मोठ्या काकांनी माइक घेतला, "मी काही ठरवून आलेलो नाही" म्हणाले आणि खिशातून आदर्श विवाहावरचा कागद काढला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला.

मी नवऱ्या मुलाकडे पाहिलं. "मला कोणी विचारलं नाहीये," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला विचारलंय का?"

मी फोनकडे पाहिलं. ताईला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "करून घे गं. चालेल मला." ते ऐकून मला रडूच आलं. तिच्या स्वतःच्या लग्नातही तिला कोणीतरी विचारलं असणार, आणि तिने याच आवाजात चालेल म्हटलं असणार.

मग मी अप्पांकडे पाहिलं. ते स्टेजच्या कडेला उभे होते. तोंड उघडत होते, मिटत होते. जन्मभर ज्यांनी "उरकून टाका" म्हटलं, त्यांच्याकडून मी काय आशा धरायची? आणि माझ्या यादीत तर बेचाळिसावा मुद्दाच नव्हता.

मी उठले आणि काकांच्या हातातून माइक घेतला. मी असं काही करीन हे मलाही माहीत नव्हतं. "माझी करवली मस्कतला आहे," मी म्हणाले. "ती माघात येतेय. लग्न तेव्हाच होईल."

आमच्यात नवरी माइकवर बोलत नाही. आचारी बाहेर येऊन बघायला लागला. थोरल्या चुलत्यांनी पुन्हा पागोटं सावरलं. "पोरगी लय रोखठोक हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं, जेवायला तरी बसायचं का आज?" नवरा मुलगा मोठ्याने हसला, आणि त्याच्याशी लग्न करायला हरकत नाही हे माझं तेव्हा पक्कं झालं. फोनमध्ये ताई इतकी रडत होती की आईला आवाज कमी करावा लागला. मोठे काका तेवढे नाराज होते. हे भाषण आता माघात उत्स्फूर्त कसं वाटेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

परतताना मी अप्पांच्या शेजारी पुढे बसले होते. आई मागे, अंगठीचा फोटो ताईला पाठवत. सिग्नलला गाडी थांबली.

"मी बोलणारच होतो," अप्पा म्हणाले.

"कधी?"

"आयत्या वेळी."

मला हसू आवरेना. आईही मागे हसायला लागली. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी अप्पांनी गाडी काढली नाही.

"ताईच्या वेळीही बोलणारच होतो," ते म्हणाले. "तुझा पेपर सुटेपर्यंत थांबा म्हणून."