पाठ असलेली माणसं

घरातून पहिलाच कॉलेजात गेलेला मी, कुणावर लिहायची माझी योग्यता नाही, माफ करा.

नाशकात जमातीचा दाखला तपासणाऱ्या कचेरीबाहेर आमच्याच जमातीचे एक टायपिस्टकाका बसतात. आत साहेब जमातीच्या चालीरीती विचारतात; त्या मुलाखतीआधी काका आम्हा मुलांकडून आमचेच देव, वाघबारशीच्या सणाची गाणी घोकून घेतात. त्यांचाही अर्ज आतच पडून होता, दाखल्यापायी सुटलेली नोकरी परत मिळणं त्यावरच अडलं होतं.

मी त्यांना वाचलेलं सांगितलं. अमेरिकेत चेरोकी नावाच्या तिथल्या आदिवासींची यादी करताना अधिकारी कधीकधी चेहरा बघूनच जमातीचं रक्त पाव की अर्धं ते लिहीत. त्यांच्यातल्या काळ्यांना, रक्त असलं तरी, वेगळ्या यादीत टाकत.

“नुसतं तोंड बघून? मंग आपलं लय बरं हाय. आपले साहेब गाणं तरी ऐकतात.”

माझा दाखला मंजूर झाला. काकांना परवा कळलं, त्यांचा नामंजूर. कारण: उत्तरं पाठ केलेली वाटतात.