टिटवीच्या अंड्यांना वळसा

आधी कपाळावरचा चष्मा खाली घ्या, घरभर शोधत बसू नका. मागच्या वेळी सांगितलं होतं, टेकडीवर जाताना टोपी आणि दोन बाटल्या पाणी घ्या. विसरलात ना? मला अक्षर येत नाही, म्हणून सगळं डोक्यात ठेवावं लागतं. तुमचं सगळं फोनमध्ये, आणि फोन घरी चार्जिंगला. हे मी बोलते आहे, सून टाइप करते आहे. चुका तिच्या.

माझी नात जुई वनमजुरांच्या टोळीची मुकादम आहे. "आजी, शिमगा तोंडावर आला, जाळरेषा आखतोय, बघायला ये," म्हणाली. निघाले. नारायण पेठेतून स्वारगेटला रिक्षा, तिथून सासवडच्या रस्त्याची बस. रिक्षाला बसपेक्षा जास्त पैसे गेले, तेव्हा गुडघे चालत असतील तर स्वारगेटपर्यंत चाला. बसची पाटी मला वाचता येत नाही, म्हणून मी विचारते. तुम्ही वाचता आणि चुकीच्या बसमध्ये चढता. घाटाच्या अलीकडे उतरायचं, पुढे चढ. टेकडीचं नाव सांगत नाही, रील काढायला याल.

वर पाहते तर सगळे विळे घेऊन गवत कापताहेत. म्हटलं, "जंगल वाढवणारी माणसं ना तुम्ही? मग ही हजामत कसली?"

भानुदास म्हणून गावातला शेतकरी आहे, टोळीतला सगळ्यात जुना. तो म्हणाला, "आजी, पलीकडचा उतार मालक उद्या पेटवनार हाय, नवं गवत फुटाया. मधी उघडी जमीन नसली तर आग हिकडं येती. मग आमची समदी रोपं गेली."

म्हणजे जाळरेषेचा हा उघडा पट्टा अंधार पडायच्या आत पुरा व्हायलाच हवा. चहा टाका म्हटलं, तर जुईनं थर्मास पुढे केला. वर कुणी काडी ओढत नाही. भानुदास विडी घरी ठेवून येतो आणि दिवसभर सुतकी तोंड करून फिरतो.

जेवणं झाली आणि एक टिटवी डोक्यावर किंचाळायला लागली. बरोबर पट्ट्याच्या मध्ये, उघड्या दगडांत तिची अंडी! टोळीचा नियम असा, की घरटं हलवायचं नाही, रेषा हलवायची. अंडी आत, रोपांच्या बाजूला राहावीत म्हणून पट्टा बाहेरून वळवायचा, आणि तिथं गवत कमरेएवढं.

"टिटवीबाईंना दुसरी जागा मिळाली न्हाई," भानुदास कुरकुरला. पण विळा घेऊन तिकडे पहिला तोच गेला.

मी म्हटलं, मी बसते अंड्यांपाशी, कुणाचा पाय नको पडायला. छत्री उघडून ऐटीत बसले. टिटवी माझ्या नावानं शंख करत घिरट्या घालत राहिली.

जुई धावत आली. "अगं आजी, ऊठ! तू बसलीस म्हणून ती बसत नाहीये. उन्हानं अंडी उकडतील!"

"राखण करते आहे मी!"

"लांबून कर."

भानुदासनं जरा अंतरावर दगडावर दगड रचून खूण केली. मी पार खाली लिंबाखाली गेले आणि तिथून बघत बसले. टिटवी उतरली, इकडेतिकडे बघत चालली, आणि बसली एकदाची. तिकडे दिवस मावळता मावळता पट्ट्याची टोकं जुळली.

दुसऱ्या दिवशी घरी होते, पण जीव टेकडीवर. दुपारी जुईचा फोन आला. "आजी, आग वळणापर्यंत आली आणि विझली. टिटवी जागेवर आहे. भानुदासदादा म्हणतात, आजींना कळवा."

लुगड्याच्या काठात कुसळं अडकली होती, ती वेचून डबीत ठेवली आहेत. त्या गवताचं बी आहे, जुई परत नेईल. आणि हो, राखण लांबूनही होते हे आता कळलं. तेव्हापासून सुनेच्या भाजीत डोकावत नाही. हे वाक्य तिनं दोनदा लिहिलं असेल, मला काय कळतंय!

टोळीला डबा पाठवायचा असेल तर गरम करावं लागेल असं काही देऊ नका. धपाटे द्या, शेंगदाण्याची चटणी द्या, दही वेगळ्या डब्यात. भानुदासला तोंडात धरायला गुळाचा खडा. आणि झाकण लावा, विसराल.